मावशींचा उजवा हात

गल्लीच्या तोंडाशी मोठ्या खिडकीचं जे घर आहे, ते टेलरमावशींचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि मध्ये नुसता एक पडदा. त्यामुळे कात्री स्वयंपाकघरात सापडायची आणि चहाचा कप शिलाई मशीनवर. गिऱ्हाइकांना मावशींचं खरं नाव माहीत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. "मावशी, कमरेत जरा सैल करून द्या," म्हटलं की काम व्हायचं.

मावशींच्या दोन गोष्टी साऱ्या गल्लीला ठाऊक होत्या. एक म्हणजे त्यांनी बेतलेला कपडा अंगावर असा बसायचा, की घालणाऱ्याला आपण बारीक झाल्यासारखं वाटावं. दुसरी म्हणजे त्यांचं देवाशी बोलणं. मशीनचं पायडल सुरू झालं की त्याच्या तालावर एखादं गीत सुरू व्हायचं, आणि मध्येच दोरा तुटला की तोंडातल्या टाचण्या सांभाळत त्या म्हणायच्या, "बघतोस ना प्रभू, नेमका आत्ताच तुटायचा होता." घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, पडद्याआड कुणीतरी बसलंय.

पडद्याआड बसलेले असायचे ते काका, म्हणजे मावशींचा नवरा. जन्मभर ट्रक चालवून नुकतेच घरी बसलेले. बसून त्यांचा जीव रमत नव्हता. कपाटं इकडची तिकडे सरकवून झाली. पंखा खोलून पुन्हा बसवून झाला. त्यात एक स्क्रू उरला, तो त्यांनी गुपचूप खिशात टाकला. दर रविवारी ते मावशींना चर्चच्या फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. "तू जातेस ती दोघांच्या वतीनंच ना? मग मी कशाला जागा अडवू?" असं त्यांचं म्हणणं. मावशींनी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं. आत जाऊन त्या प्रार्थनेत काकांची आठवण करायच्या आणि बाहेर आल्यावर त्याचा उच्चार करायच्या नाहीत.

एका दुपारी मावशी लग्नाचा गाऊन बेतत होत्या. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीच्या मुलीचा. पांढरं झुळझुळीत कापड टेबलावर पसरलेलं, खडूच्या रेघा मारून झालेल्या, पुढचा भाग आणि पाठ कापून बाजूला ठेवलेली. बाहीला कात्री लावली आणि कात्री हातातून गळून पडली. मावशी वाकल्या. हात कात्रीपर्यंत पोचला, पण बोटं मिटेनात. त्यांनी काकांना हाक मारायला तोंड उघडलं, तर हाकेऐवजी भलताच काहीतरी आवाज बाहेर आला.

काकांनी पडदा सारला. मावशींचा एका बाजूनं ओघळलेला चेहरा पाहिला आणि धावत जाऊन शेजाऱ्याकडून टेम्पोची किल्ली आणली. मावशींना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि निघाले. वाटेत मावशींना एवढंच कळत होतं, की गाडी फार वेगात आहे आणि तरीही एकसुद्धा धक्का बसत नाहीये.

"वेळेत आणलंत म्हणून बरं," डॉक्टरीणबाई नंतर काकांना म्हणाल्या. "जिवाचा धोका टळला. बोलणं सुधारेल, चालणंही सुधारेल. उजव्या हाताचं मात्र आत्ताच काही सांगता येत नाही."

घरी आल्यावर पहिले काही दिवस माणसांची ये-जा होती. दुसऱ्या गावी नर्स असलेली लेक रजा काढून आली, व्यायाम शिकवून गेली. गिऱ्हाइकं येत, विचारपूस करत आणि निघताना हळूच म्हणत, "तुम्ही आराम करा मावशी, आमच्या कापडाचं आम्ही बघतो कुठेतरी." काका एकेक पिशवी काढून देत. टेबल रिकामं होत गेलं. मशीनवर टॉवेल पडला.

रोज सकाळी मावशी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "प्रभू, हा मला परत दे." पाय ताळ्यावर आला. जीभ बरीचशी वळायला लागली. हात मात्र परक्याच्या घरी आल्यासारखा मांडीवर नुसता बसून असायचा. शेवटी एका सकाळी मावशींनी मागितलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गीतही ओठांवर येईना.

चर्चच्या पाळकांची बायको भेटायला आली, तेव्हा मावशींनी सांगून टाकलं. "बाई, मी सध्या देवाशी बोलत नाही. रागावलेय."

बाई आल्या आल्या खाटेवरच्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "बरेच दिवस झाले?"

"झाले की."

"मग त्यालाही करमत नसेल."

मावशींना हसू आलं. आजारपणानंतरचं ते पहिलंच हसू, तेही अर्ध्या तोंडानं. बाईंनी उपदेश केला नाही की सहनशीलतेचे दाखले दिले नाहीत. सगळ्या घड्या घालून झाल्यावर फक्त म्हणाल्या, "रविवारी माझ्या शेजारची जागा धरून ठेवते."

संध्याकाळी मावशी खिडकीशी बसल्या. रस्त्याकडे बघत त्या हळू, अडखळत देवाशी बोलल्या, "मी अजून रागावलेलीच आहे. पण तुला सोडून कुठे गेलेले नाही. जाणार तरी कुठे? तू दिलंस तरी तुझी, नाही दिलंस तरी तुझीच." एवढं बोलून त्या खूप रडल्या. रडून झाल्यावर काकांकडे चहा मागितला आणि साखर जास्त घालायला सांगितली.

रविवारी काका त्यांना घेऊन निघाले. चर्चच्या पायऱ्या एकटीनं चढणं होईना, म्हणून काका आधार देत आतपर्यंत आले. गीत सुरू झालं. डाव्या हातानं पुस्तक धरावं तर पान उलटता येईना. शेजारच्या पाळकीणबाईंनी मदत करायची, पण त्या नेमक्या त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी फार लक्ष देऊन बघत होत्या. मग काकांनीच पुस्तक हातात घेतलं आणि पानं उलटायला लागले.

"मागे," मावशी कुजबुजल्या. "आणखी मागे. अहो, पुढे कुठे चाललात, रिव्हर्स घ्या."

पान सापडेपर्यंत शेवटचं कडवं आलं होतं. काकांना वाटलं, आता उशीर झालाय तर भरून काढावा. त्यांनी घाटात आवाज द्यावा तसा खणखणीत आवाज लावला. मंडळी थांबली तरी ते थांबले नाहीत. शेवटची ओळ सगळ्या चर्चमध्ये ते एकटेच गायले. पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. मावशींचे खांदे हसून हसून हलत होते, आणि पुढचं गीत सुरू झालं तेव्हा त्या गात होत्या.

पुढच्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आधीच तयार. मावशींनी भुवया उंचावल्या. "पुस्तक कोण धरणार मग?" काका म्हणाले.

एकच पिशवी कुणी परत नेली नव्हती. बेकरीवालीची मुलगी एक दिवस दारात उभी राहिली. "मावशी, माझा गाऊन."

"ने बाई. कापलेले तुकडे तसेच ठेवलेत. चांगली टेलर शोध."

"मला तुमच्याच हातचा हवाय."

"हाताला विचार," मावशी म्हणाल्या. "माझं ऐकत नाही तो."

मुलीचे डोळे भरून आले. तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला, "मशीन मी चालवतो."

मावशी आणि ती मुलगी, दोघींनीही पडद्याकडे बघितलं. काका बाहेर आले. "बघताय काय अशा? इंजिनच आहे ना शेवटी ते."

शिकवणी जुन्या चादरींवर सुरू झाली. मावशी शेजारी स्टुलावर, डावा हात कापडावर. काका मशीनवर, गुडघे टेबलाला घासतायत, सुईत दोरा ओवताना श्वास रोखलेला. पहिली टीप चादरीवरून निघाली ती थेट कडेबाहेर गेली.

"सावकाश. हा हायवे नाही."

"चढावर जोर द्यावा लागतो."

"कुठला चढ? सपाट कापड आहे. आणि वळणावर थांबायचं. सुई कापडात तशीच राहू द्या, कापड दाबणारी पट्टी उचला, मग कापड फिरवा."

काका थांबले. "म्हणजे क्लच दाबायचा."

"दाबा तुमचा क्लच."

त्या दिवसापासून त्यांना वळणं जमायला लागली. पहिली पूर्ण वस्तू तयार झाली ती उशीची खोळ. काकांनी ती मोठ्या अभिमानानं मावशींच्या हातात दिली. मावशींनी ती फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, "उशी कुठून घालायची?" चारही बाजू शिवून टाकल्या होत्या. ती खोळ उसवायला मावशींनी नकार दिला. लेक आली की तिला दाखवायची म्हणून जपून ठेवली.

मग गाऊनला हात घातला. खडूच्या रेघांवरून काकांनी राहिलेल्या बाह्या कापल्या. अस्तर लागलं, बाह्या बसल्या. मावशी डाव्या हातानं टाचण्या लावत, खुणा करत, कापड पुढे सरकवत. काका टीप मारत. एक चूक झाली की सगळं उसवायचं आणि परत मांडायचं. कधी कधी दोघं एकमेकांवर एवढे वैतागत, की दुपारभर बोलणं बंद. पण काम चालू, बोटांनी खुणा करून.

लग्न जवळ आलं. घेर तेवढा राहिला होता. मशीन जरा जड चालतंय असं काकांना वाटलं, म्हणून त्यांनी सकाळी त्याला तेल घातलं. ट्रकला घालावं तसं, सढळ हातानं. आणि पहिल्याच टिपेबरोबर पांढऱ्या कापडावर, अगदी समोरच्या बाजूला, तळहाताएवढा काळपट डाग उमटला.

काका उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मावशी काठी टेकत त्यांच्या मागे गेल्या.

"तुझं एवढ्या वर्षांचं नाव," काका म्हणाले, "मी एका मिनिटात घालवलं."

मावशी त्यांच्याजवळ बसल्या. मग त्या ज्याच्याशी नेहमी बोलायच्या त्याच्याशीच बोलल्या, भर रस्त्यात, मोठ्यानं. "प्रभू, आमच्या दोघांत मिळून दीड माणसाचं बळ आहे. त्यात आता ह्यांनी तेल ओतलं. उरलेलं तू बघ. आम्ही पोरीला शब्द दिलाय." समोरून जाणारा एक सायकलवाला थबकला, दोघांकडे बघून पुढे गेला. काकांनी मान खाली घातली होती. तसेच ते पुटपुटले, "आमेन म्हणायचं असतं ना आता?"

"म्हणा की."

ते म्हणाले. मग दोघं उठून आत गेले. डागावर टाल्कम पावडर थापली, ती तेल शोषेपर्यंत वाट बघितली, झटकली, परत थापली. साबणाच्या पाण्यानं अलगद धुतलं. डाग फिकटला, पण गेला नाही. मावशी त्याच्याकडे बघत बसल्या. मग उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी काकांना बोटभर लांबीच्या पाकळ्या कापायला लावल्या. पाकळ्यांची एक वेल डागावरून सुरू झाली आणि घेरावर तिरकी उतरत गेली. प्रत्येक पाकळी मावशींनी डाव्या हातानं टाचली. टाके लहानमोठे आले, पण पाकळ्या त्यामुळे वाऱ्यानं हलल्यासारख्या दिसत होत्या.

मुलीनं गाऊन घातला आणि आरशासमोर उभी राहिली. तिनं आधी मावशींना मिठी मारली आणि मग काकांना. काका खांबासारखे उभे. बेकरीवालीनं लग्नात सगळ्यांना सांगितलं, की ही वेल मुद्दाम करवून घेतली. मावशींनी तिचं बोलणं खोडलं नाही, पण पाळकीणबाईंच्या कानात खरं काय ते सांगून टाकलं. काकांना नवरानवरी दिसलेच नाहीत. ते पूर्ण वेळ डाव्या बाहीच्या शिवणीकडे बघत होते. "टिकली," ते दर थोड्या वेळानं म्हणायचे. "टिकली बघ."

त्यानंतरच्या एका रविवारी, उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सांगायची वेळ आली तेव्हा मावशी उठून उभ्या राहिल्या. बोलणं अजून जड होतं, म्हणून सगळे कान देऊन ऐकत होते. "मी देवाकडे हात मागत होते," त्या म्हणाल्या. "मध्ये रागावून मागणं बंद केलं. त्यानं मला टाकलं नाही. आता हाताचं म्हणाल तर, त्यानं मला नवरा दिला. तो त्यानं आधीच दिला होता म्हणा, पण कामाला आत्ता लागला."

सगळं चर्च हसलं. सगळ्यात मोठ्यानं काका हसले. मावशी हसू ओसरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "आजारी पडले तेव्हा वाटलं होतं, आता सगळं संपलं. तसं झालं नाही. एवढंच सांगायचं होतं." आणि बसल्या.

काकांना आजही चर्चमधलं सगळं पटतं असं नाही. प्रवचन लांबलं तर ते पाय हलवायला लागतात, अदृश्य ब्रेक दाबल्यासारखे. पण रविवार चुकवत नाहीत. दुकानात कामाचा ढीग पडलाय, कारण त्या लग्नाला आलेल्या मुलींना तसल्याच पाकळ्यांची वेल हवी आहे. लेक फोनवर म्हणते, "आई, आता विश्रांती घे." मावशी म्हणतात, "निवृत्तीचं वय ह्यांचं झालं होतं, माझं नाही. आणि ह्यांनाच आता सुट्टी मिळत नाही."

सकाळचा व्यायाम मावशींनी सोडलेला नाही. डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट उघडायचं, मिटायचं. अंगठ्यात थोडी जान आलीय, एखादी टाचणी धरता येते. आणि व्यायाम झाला की त्या अजूनही मागतात.

"अजून मागतेस?" परवा काकांनी विचारलं. ते मशीनच्या बॉबिनवर दोरा भरत होते.

"मागते. त्यानं अजून नाही म्हटलेलं नाही."

"आणि म्हटलं तर?"

मावशींनी थोडा विचार केला. "तर तुम्हाला बटणांची काजं शिकवीन," त्या म्हणाल्या.

दारात गिऱ्हाईक आलं होतं. काकांनी गळ्यात टेप अडकवला आणि माप घ्यायला उठले.