फाळक्यावरची खरवड

ट्रकमालकानं माझं तोंड फाळक्यावर आपटलं. रंग ओला होता. अर्धा मोर गालावर आला.

"माह्या गाडीवर तुहं नाव? गावात कशी नेऊ गाडी? काढ!"

मी वणीचा ट्रक पेंटर. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर चित्र काढायचं अन् खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकायचं, ही आमची रीत. माझ्या आडनावावरून जात कळते. मी नावावर पंजा ठेवला. त्यानं चाक खोलायची टामी घेतली आणि पंजासकट खरवडलं. पत्र्यापर्यंत. तेव्हापासून मला दोन नखं कमी कापावी लागतात.

तेव्हा कापसाचा धंदा बसला होता. गाठींच्या गाड्या उभ्या. कोळशाच्या गाड्यांवरच चूल. हा मालकही कोळसावालाच. घरी सांगितलं, जॅक घसरला.

बायको म्हणाली, "अन् जॅकनंच गालावर मोर काढला काय?"

पुढं बऱ्याच वर्षांनी यवतमाळच्या चित्रप्रदर्शनाचं बोलावणं आलं. ट्रकवाले पेंटर आता हॉलमध्ये पाहिजे होते. पाहुण्यांसमोर चित्र काढायचं. मी लग्नातला कोट चढवला. बटण लागेना.

"पोट आत घ्या," बायको म्हणाली. "आता कलाकार झाले तुम्ही."

बायकोसोबत हॉलमध्ये शिरलो अन् पोट आपोआप आत गेलं. भिंतीवर तोच फाळका. भंगारातून आणलेला, दिव्याखाली टांगलेला. माझाच मोर. खाली पाटी: अनामिक लोककलावंत.

"साहेब, हे माह्या हातचं हाय. नाव लिहा."

आयोजक हसले. "नावानं मजा जाते हो. आणि ही खरवड बघा, काय ताकद आहे! सगळे हिच्याच प्रेमात पडलेत."

खरंच, सगळे खरवडच पाहत होते. चहा पीत. माझी बोटं ठणकायला लागली.

ब्रश लाल रंगात बुडवला. खरवडीवर पहिलं अक्षर काढलं. आयोजकांनी मनगट पिरगाळलं.

"अडाण्या! वाटोळं केलंस!"

अहो-जाहो संपलं. मी त्यांना ढकललं. ते दिव्यासकट खाली. दिव्याची काच फुटली, तिच्यावर हात पडून माझा तळवा फाटला. रंग कुठला, रक्त कुठलं, कळेना. बायको धावली. वाटलं, पदर बांधणार.

"पह्यले नाव पुरं करा," ती म्हणाली.

पुरं केलं. आडनावासकट.

पोलिसांनी नाव विचारलं. मी फाळका दाखवला.

आता गाडी आली की आधी कोपऱ्यात नाव लिहितो. वाळू देतो. मालकाला चाललं, तर मोर. नाही तर ने गाडी.