काकूंच्या नवसाचा नारळ

‘चपला इथंच काढ. पावागढहून परत आलीस की मिळतील.’

काकूंनी झाडूच्या टोकानं माझ्या चपला पिशवीत ढकलल्या. पिशवी जिन्याखालच्या कपाटात कोंडली, किल्ली कमरेला लावली. माझा भरवसा नव्हता त्यांना. वाटेत घालीन म्हणून. मी उंबऱ्याबाहेर अनवाणी उभी. हातात त्यांच्या नवसाचा नारळ.

पावागढजवळच्या शहरातलं, सुभानपुऱ्यातलं ते घर. मी तिथं स्वयंपाकाला. माझं गाव माण तालुक्यात, शाळा सातवीत सुटली. नवरा जवळच्या सावली गावातल्या कारखान्यात. मध्यंतरी त्याचं काम गेलं तेव्हा काकूंनीच मागची खोली राहायला दिली. फुकट. त्या उपकाराखाली मी वाकून गेले होते. भाजीत मीठ जास्त पडलं तरी धस्स व्हायचं. खोली गेली तर?

काकूंचा नातू अमेरिकेत. त्याला तिथलं नागरिकत्व हवं होतं. वकील म्हणाला, आधी लष्कराच्या यादीत नाव नोंदव, तुझ्या वयाच्या मुलांना ते सक्तीचं आहे. उद्या मोठी लढाई झाली, सरकारनं सक्तीची भरती काढली, तर त्या यादीतून बोलावणं येणार. पोरानं नाव नोंदवलं. इकडे काकूंचं जेवण सुटलं.

‘आमच्या घराण्यात कुणी बंदूक धरली नाही गं. सगळे कचेरीतले. दरबारात मान होता.’

मी त्यांचे पाय चेपत होते. माझेही डोळे भरले. खोटं नाही सांगत.

माझा धाकटा भाऊ त्याच वयाचा. फौजेत आहे, सीमेवर. तो भरती झाला तेव्हा मी पेढे नेले होते. काकू म्हणाल्या, ‘बरं झालं. सोय लागली त्याची.’ तेव्हा मी हसले होते.

नातवाला नागरिकत्व मिळालं. बोलावणं आलं नाही. काकूंनी पावागढच्या देवीला अनवाणी चालत येईन असा नवस बोलला होता. पण गुडघे दुखतात. म्हणून पाय माझे. चैत्रातल्या नवरात्रात गल्लीतल्या बायकांचा संघ चालत निघणार होता, त्यात मला घातलं. मी हो म्हटलं. नाही म्हणायची सवयच नव्हती.

त्या सकाळी बायका फाटकापाशी थांबलेल्या. एवढी चालणारच आहे, तर एक मागावं वाटलं.

‘काकू, देवीपुढं माझ्या भावाचं पण नाव घेऊ का?’

त्यांचा चेहरा आक्रसला.

‘नवस आमचा आहे. त्यात वाटेकरी नको.’

आतून साहेब, काकूंचे यजमान, त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, ‘घेऊ दे ने. देवीला काय कमी पडणार आहे?’

‘तुम्ही गप्प बसा.’ मग माझ्याकडे वळून, ‘तुझा भाऊ पगार घेतो ना त्याचा? तुमच्यात जातातच मुलं. आमचा शिकलेला आहे.’

फाटकापाशी सगळ्या ऐकत होत्या.

खोली दिसत होती डोळ्यांपुढं. गेल्या सुट्टीत आईच्या हातचं जेवताना मान वर न करणारा भाऊ दिसत होता. नारळ मी उंबऱ्यावर ठेवला.

‘काकू, माझ्या चपला द्या.’

‘आणि नवस?’

‘तुमचा आहे ना. तुम्ही फेडा.’

‘खोली सोडावी लागेल. कळतंय का?’

‘सोडते.’

कपाट उघडलं नाही. मी तशीच अनवाणी दुसरी खोली शोधायला निघाले. डांबर तापायला लागलं होतं. नवरा संध्याकाळी ओरडला, ‘एक नाव नसतं घेतलं तर काय बिघडलं असतं?’ मी सामान बांधत राहिले.

आता सावलीला एका खोलीत राहतो. भाडं जड जातं. शेजारी पत्रा ठोकण्याचं काम दिवसभर चालतं. भीती गेलेली नाही, अजून दचकते. काकूंनी अडीअडचणीला छप्पर दिलं, तेही विसरले नाही. कुणी विचारलं तर तसंच सांगते.

पण नव्या घरी कामाला लागताना आधी बोलून घेते. स्वयंपाक करीन. कुणाचा नवस चालणार नाही. आणि माझ्या भावाचा जीव तुमच्या पोराच्या जीवाएवढाच आहे. हे ज्या घरात मोठ्यानं म्हणता येत नाही, तिथं मी चूल पेटवणार नाही.