अक्कांच्या हाताखालची

पंचावन्नी ओलांडल्यावर मी रुसून नोकरी धरली. नव्या नवरीनं रुसून माहेरी जावं, तशी. आता नातवंडं रुसून कोपऱ्यात बसतात तेव्हा मला तेव्हाची मी आठवते आणि हसू येतं. पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची दारं समोरासमोर. उन्हाळा लागला की अक्कांच्या अंगणात कांदा-लसूण चटणीचा घाट घातला जायचा, गिऱ्हाईक पार पेठ वडगावहून यायचं. मी जयसिंगपूरहून लग्न होऊन आले तेव्हा मिरची भाजायला घेतली की शिंकून शिंकून पदर डोक्यावर राहायचा नाही. अक्कांनीच मला कढईपाशी बसवलं. बाकीच्या बायका सुकं खोबरं लाल झालं की उतरवतात. अक्का त्याच्या कडेला काळी रेघ येईपर्यंत थांबायच्या, आणि ती रेघ कधी येणार ते मला नुसत्या नजरेनं सांगायच्या. सगळी चव त्या थांबण्यात होती.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात कुणा बाईनं विचारलं, "या कोण?" अक्का हातातलं न सोडता म्हणाल्या, "ही व्हय? ही माझ्या हाताखालची."

झालं. मला वाटलं, एवढा धूर खाल्ला तो यासाठी? दोन गल्ल्या पलीकडं एका पोरीनं मसाल्याचं नवं दुकान काढलं होतं. तिनं विचारलं, "मावशी, चटणी येती का?"

"येती का म्हणजे? लोकं माझ्याकडनं शिकत्यात."

किती ती ऐट! ऐन हंगामात मी अक्कांचा उंबरा सोडला.

पहिल्या दिवशी मालकिणीनं मला डोक्याला प्लॅस्टिकची टोपी घालायला लावली. तिच्यात मी आंघोळीला निघाल्यासारखी दिसत होते, पण चालत होते पाटलीणबाईच्या तोऱ्यात. "तुमच्या पद्धतीनं करा," ती म्हणाली. मी केली. खोबऱ्याची काळी रेघ आली, मी कढई उतरवली. तळलेला कांदा मुठीत कुस्करून त्याचा आवाज ऐकला. माझी पद्धत!

थोड्याच दिवसांत वडगावचे एक पाहुणे दुकानात आले. अक्कांचं जुनं गिऱ्हाईक. तळहातावर चिमूटभर घेऊन चाटली आणि मोठ्यानं म्हणाले, "अवो, ही तर तुमच्या जाऊबाईंची चटणी की! मग आता तिकडं बोळात कशाला जायचं? हितं गाडी लावायला बी जागा हाय."

मालकीण खूश. पुढचा घाणा मी मुद्दाम वेगळा केला, खोबरं लाल असतानाच उतरवलं. मालकिणीनं चव घेऊन तोंड वाकडं केलं. "मावशी, आधीसारखी न्हाय झाली."

मी पुन्हा काळ्या रेघेवर आले. पहिली चटणी हातानं आपसूक केली होती. ही मात्र मी समजून उमजून केली.

घरी आले की समोर अक्कांचं अंगण. मिरच्यांच्या चटया कमी कमी होत गेल्या. मी दाराला पडदा लावला. म्हटलं, ऊन फार येतंय. दार उत्तरेला होतं!

एक दिवस अक्काच दुकानात आल्या. मला टोपीत बघून हसल्याही नाहीत. चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली.

"खोबरं घाईनं उतरवलंस."

"अक्का, या गॅसची आंच लई..."

"गॅसवर ढकलू नको. माझी चटणी इकालीस, तर निदान नीट तरी कर."

मालकीण आमच्याकडं आळीपाळीनं बघायला लागली. "म्हणजे ही पद्धत यांची?"

मला अजून खोटं बोलता आलं असतं. तोंडही उघडलं होतं. आणि तोंडातनं आलं, "व्हय. मी यांच्या हाताखालची."

पोरगी भली. तिनं अक्कांनाही नोकरीला बोलावलं. अक्कांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. "ती टोपी घालावी लागती व्हय? मग न्हाय बाई," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर दुकानात मी माझ्या आईच्या पद्धतीची चटणी केली, खोबरं लाल असतानाच उतरवून. मालकिणीनं आधी कुरकुर केली, मग ती चव तिच्या गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडली. आता अक्कांची गिऱ्हाईकं परत जातील, असं मला वाटलं होतं. थोडी गेली. वडगावचे पाहुणे नाही गेले. चव बदललेली त्यांना कळलीसुद्धा नाही. गाडी लावायला जागा होती ना.

आता मीही नोकरी सोडली आहे. अक्कांच्या अंगणात एकच चटई पडते, घरापुरती. कढईपाशी मी बसते, अक्का खुर्चीवर. त्यांना रेघ नीट दिसत नाही. मला दिसते. तरी मी हात आखडून त्यांच्या तोंडाकडं बघत राहते, त्या "उतर आता" म्हणेपर्यंत. कधीकधी खोबरं जरा करपतं.