आधी खरवड, मग रंग

रंगाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. एक, जुन्या रंगावर नवा रंग फासून चहाला जाणारे. दुसरे, जुना रंग मुळापासून उतरवल्याशिवाय नव्या डब्याचं झाकणही न उघडणारे. खरवडराव दुसऱ्या तऱ्हेतले. हे नाव त्यांना मेहुण्याने ठेवलं होतं, आणि चेष्टेतली नावं चिकटतात तसं ते त्यांच्या हातच्या रंगापेक्षाही पक्कं चिकटलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला मामा म्हणत. तोही रंगारीच, पण पहिल्या तऱ्हेतला. फडक्याने धूळ पुसली न पुसली की रंगाचा जाड हात मारून मोकळा. त्याने रंगवलेल्या खिडक्यांवर इतके थर साचत की पुढे पुढे त्या बंदच होत नसत. यावरून जेवताना दोघांची रोजची जुंपायची.

"भावोजी, पोपडा सुटलेला दिसला तर खरवडावा. नाही दिसला तर कशाला उठवायचा त्याला? झोपलाय, झोपू द्या."

"आत गंज चढतोय आणि वरून तू मेलेल्याला पावडर लावतोस."

"मेलेल्याने कधी तक्रार केलीय का?"

"जेवताना तरी डबे बाहेर ठेवा," खरवडरावांची बायको म्हणायची. तिची पंचाईत अशी की एक नवरा, दुसरा पाठचा भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ.

लहान मुलांच्या दोन बागांची रंगरंगोटी या दोघांत वाटली गेली होती. गोदामामागची मामाकडे, पाण्याच्या टाकीखालची खरवडरावांकडे. दोन्ही बागांतलं लोखंड एकाच वेळचं, खरवडरावांच्याही लहानपणीचं: घसरगुंडी, झोपाळ्यांचे खांब, चढायची जाळी. दर वर्षी शाळेला सुट्टी लागायच्या आत खरवडराव तारेचा ब्रश आणि पातळ पट्टी घेऊन बागेत ठाण मांडत. एका वर्षात सगळं होण्यातलं नव्हतं, म्हणून यंदा घसरगुंडी, पुढल्या वर्षी खांब, अशी पाळी लावलेली. हिरव्याखाली निळा निघे, निळ्याखाली पिवळा, आणि सगळ्यात खाली शेंदरी अस्तर. ते उतरून चकचकीत लोखंड दिसलं की खरवडरावांना बाळाचा पहिला दात दिसल्याचा आनंद होई.

काम झालं की पसारा मागे ठेवायचा नाही, हा त्यांचा दुसरा बाणा. पोपडे आणि भुकटी झाडून ते झोपाळ्याखाली लोटत. झोके घेणाऱ्या पायांनी तिथे खळगा पडलेला असेच. त्यात सगळं भरायचं, वर माती ओढायची, पाणी मारायचं, पायाने दाबून सपाट करायचं. बागेचा मुकादम म्हणे, "तुम्ही काम करून गेलात असं वाटतच नाही हो." खरवडरावांना यापेक्षा मोठी शाबासकी माहीत नव्हती.

मुंगी ही त्यांच्या लेकीची लेक. जावई जहाजावर असल्यामुळे लेक माहेरी राहून कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, आणि शाळा सुटल्यावर मुंगी आजोबांच्या ताब्यात. आजोबा शिडीवर, मुंगी खाली. झोपाळ्याखालची माती सगळ्यात भुसभुशीत, म्हणून तिचा संसार तिथेच. निळे पोपडे म्हणजे ताटं, पिवळे म्हणजे झाकणं. मध्येच बोट तोंडात. ही पोर मातीतच सापडते म्हणून तर तिचं नाव मुंगी पडलं होतं.

त्या वर्षी शाळेत मुलांचं रक्त तपासलं. टाकीच्या बाजूला राहणाऱ्या बऱ्याच मुलांच्या रक्तात शिसं निघालं, आणि मुंगीच्या रक्तात सगळ्यांपेक्षा जास्त. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला समोर बसवून सांगितलं की पोरगी आजारी दिसत नाही हे खरं, पण या वयात शिसं डोक्याच्या वाढीला बाधतं. ते कुठून येतंय ते शोधा आणि आधी थांबवा. यावर तोच मोठा उपाय.

घरात मग तपास सुरू झाला. बायकोला नळाच्या जुन्या पाइपाचा संशय. मामाने शोध लावला, "शिसपेन्सिल चावते ती, दुसरं काय." पेन्सिलीत शिसं नसतंच, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलंय, असं लेक म्हणाली, तेव्हा मामा पेन्सिलीच्या कंपन्यांवर घसरला. खरवडरावांचा मात्र निकाल झालेला होता. बागेच्या मागे भट्टीचा कारखाना, त्याचं धुराडं दिवसभर ओकतं, ते सगळं पडतं बागेत. "माझ्या बागेत," असं ते म्हणत. अर्ज करायचा, माणसं जमवायची, कारखान्यापुढे बसायचं, इथवर त्यांची तयारी झाली.

म्हणून दवाखान्याकडून माती तपासणारी मुलगी बागेत आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. डोक्यावर टोपी, हातात एक पोकळ नळी. ती जमिनीत ठोकायची, फिरवून वर काढायची आणि आतली माती पिशवीत भरायची. खरवडराव तिच्या मागे मागे.

"भिंतीकडची घ्या. धूर तिथेच बसतो."

"घेतली, काका."

"अजून घ्या. कमी पडायला नको."

तिने भिंतीकडची घेतली, फाटकाजवळची घेतली, घसरगुंडीखालची घेतली, झोपाळ्याखालची घेतली. काही आठवड्यांनी ती आकडे घेऊन परत आली. झोपाळ्याच्या खांबावर बोट फिरवत तिने विचारलं, "इथलं रंगकाम कसं होतं, काका?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. खरवडराव खुलले. तारेचा ब्रश कुठला, पट्टी कोणत्या कोनात धरायची, लोक कसे नुसता रंग थापतात आणि आपण कसे थेट लोखंडापर्यंत जातो, सगळं सांगितलं. घरातल्या घरात असे थापणारे आहेत, हेही सांगून घेतलं.

"आणि खरवड निघते ती कुठे जाते?"

"जाते कुठे? इथेच जिरवतो. कचरा बाहेर जाऊ देत नाही मी."

मुलीने आकड्यांचा कागद काढला. मग तिने त्यांना शेजारच्या बाकावर बसवून सांगितलं. पूर्वीच्या रंगांत शिसं घालत. वरच्या थरांत नाही, खालच्या. शेंदरी अस्तरात तर भरपूर. थर जागेवर होते तोवर ते फारसं कुणाच्या पोटात जात नव्हतं. भिंतीकडच्या मातीत विशेष काही सापडलं नाही. फाटकाजवळही नाही. घसरगुंडीखाली सापडलं. झोपाळ्याखाली सगळ्यात जास्त.

"म्हणजे मी जितका खोल गेलो..."

"हो, काका."

"आणि गोदामामागची बाग?"

"तिथे जवळपास काही नाही. रंग तोच आहे, पण कुणी उकरलेला नाही."

खरवडराव त्या दिवशी शिडी तिथेच विसरून घरी आले.

बायकोने भावाला निरोप धाडला की आज जेवायला ये, पण दात काढायचे नाहीत. मामा आला आणि खरोखरच गप्प जेवला. त्याला गप्प जेवताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे वातावरण अधिकच बिघडलं. शेवटी हात धुताना तो म्हणाला, "भावोजी, मी काही कळून केलं नव्हतं हो. नुसता आळस केला."

"ठाऊक आहे. तेच तर लागतंय मनाला."

लेक भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मुंगीला बागेत नेऊ नका. आणि कामाच्या कपड्यांनी उचलू नका." दुसऱ्या दिवसापासून तिने कारखान्यातली पाळी बदलून घेतली आणि शाळेतून मुंगीला स्वतः आणायला लागली. संध्याकाळी खरवडराव दारात आले की मुंगी धावायची आणि लेक मागून तिचा फ्रॉक धरायची. खरवडराव मागच्या मोरीत जाऊन अंघोळ करायचे, कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचे, आणि बाहेर येईपर्यंत मुंगी दुसऱ्याच कशात तरी रमलेली असायची. मुलांचं काय, बोलावलं तेव्हा येतात, थांबवलं की निघून जातात.

बागेला कुलूप लागलं. वरची माती खोलवर उपसून झाकलेल्या गाड्यांतून नेली आणि लांबून तपासून आणलेली माती टाकली. उरलं रंगाचं काम. माती तपासणारी मुलगी सांगून गेली होती की कोरडं खरवडायचं नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, सुटलेलं तेवढं पिशवीत भरायचं, आणि जुना रंग जाड थरांखाली झाकून टाकायचा. मुकादम घुटमळत खरवडरावांच्या दारात आला. काम कुणाला द्यावं, हे त्याला विचारवत नव्हतं. खरवडरावांनीच सोडवलं.

"मामाला द्या. मी त्याच्या हाताखाली राहीन."

मामाच्या हाताखाली राहणं म्हणजे काय हे त्यांना पहिल्याच सकाळी कळलं.

"भावोजी, खिशात काय आहे?"

"काही नाही."

"पट्टी आहे. द्या इकडे."

"अरे, एवढासा पोपडा उठलाय. नुसता टोकाने..."

"ओलं फडकं घ्या. असा उचला. पिशवीत. आता वर हात मारा. जाड. अजून जाड. भावोजी, लग्नाला जातोय का आपण? थापा."

खरवडरावांनी थापला. खांबावरच्या उंचवट्यांवर रंग ओघळून थांबला. आयुष्यभर ज्या कामाला नावं ठेवली ते त्यांच्याच हातून झालं होतं, आणि वाईट दिसत होतं.

"लाज वाटते रे."

"पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते," मामा म्हणाला. "मग सवय होते. मला बघा."

बाग पुन्हा उघडली. त्यानंतर मुंगीचं रक्त दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा लेक आत गेली आणि खरवडराव दवाखान्याच्या पायरीवर बसले. आकडा बराच उतरला होता. जिथे असायला हवा तिथे नव्हता, पण उतरणीला लागला होता. आधी जे पोटात गेलं त्याचं काय, असं लेकीने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज मी कसलीच खात्री देणार नाही. तिच्या वाढीवर लक्ष ठेवू. खाणंपिणं नीट, हात धुणं नीट, आणि पुन्हा तपासू." लेकीने हे सगळं पायरीवर येऊन जसंच्या तसं सांगितलं, काही गाळलं नाही.

तिघं घराकडे निघाली. मुंगी मध्ये उड्या मारत होती. दाराशी आल्यावर लेक म्हणाली, "उद्या मला जुनीच पाळी आहे, बाबा. हिला शाळेतून तुम्ही आणा."

"सरळ घरी आणतो."

लेक किल्ली शोधत राहिली. "बागेतून आणा. रोज विचारते ती. पण घरी येताना हात धुवून."

दुसऱ्या दिवशी मुंगी नव्या मातीत मनसोक्त उकरत होती आणि खरवडराव झोपाळ्याच्या खांबाला टेकून उभे होते. खांबाकडे त्यांनी पाठ केली होती. निघताना त्यांनी तिला नळापाशी नेलं, साबण लावला, एकेक बोट वेगळं करून धुतलं. मुंगीने बराच वेळ चालवून घेतलं. मग म्हणाली, "आता तुमचे दाखवा."

त्यांनी हात पुढे केले. मुंगीने तळवे पाहिले, उलटे करून पाहिले, नखं पाहिली.

"इथे अजून आहे," ती म्हणाली.

खरवडराव पुन्हा साबण लावायला लागले.