सोडून दिलेल्या चपलांचं शेड

शिंगणापूरला शनिवारी माणसं पायातल्या चपला तिथंच सोडून अनवाणी घरी जातात, पाठची पीडा टळावी म्हणून. त्या चपलांवर पंचायत समितीनं उपाय काढला. जवळच्याच आमच्या गावात पत्र्याचं शेड बांधलं, मशीन बसवलं आणि बायकांच्या गटाला सांगितलं, चपला भरडा आणि गोठ्यात अंथरायच्या रबरी मॅट करा.

गटाची अध्यक्ष हो म्हणून आधी मलाच विचारलं होतं. मी कानांवर हात ठेवले. लोकांची साडेसाती आपल्या घरात कोण आणणार? मग माझी धाकटी जाऊ पुढं झाली. वर्षभरात तिच्या दारात साहेबांच्या गाड्या यायला लागल्या, पेपरात फोटो आला. साडेसाती कुठली न् काय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. साहेब चहा तिच्या घरी प्यायचे आणि चांगल्या कपबश्या ती माझ्याकडून मागून न्यायची.

पण मॅट खपेनात. शेडबाहेर ढीग लागला, बायका कामाला यायच्या बंद झाल्या. मला बरं वाटलं, अगदी गार वाटलं. ग्रामसभेत शेड बंद करायचा विषय निघाला तशी मी पदर खोचून उठले. चारचौघांत तिला खाली बघायला लावायचंच होतं.

"मशीन दिलं सरकारनं, पन माल घ्यायचा कुनी?" मी म्हणाले. "जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मॅट येत्यात त्या पार मुंबईहून. सरकारच हिचा माल घेत न्हाई, तर आमी कशाला घ्यावा?"

जाऊ मान खाली घालून बसली. ग्रामसेवक मात्र भराभरा लिहायला लागले. मुद्दा बरोबर आहे, म्हणाले. ठराव झाला, वर गेला, आणि तालुक्यातल्या दवाखान्यांनी आधी आमच्या गावच्या मॅट घ्याव्यात, असा आदेश निघाला. म्हणजे केलं मी आणि मिरवणार ती.

दुसऱ्या दिवशी जाऊ पेढे घेऊन आली, पाया पडली. "आक्का, आता काम लई वाढनार हाय. तुमी अध्यक्ष व्हा, मी हाताखाली करते. तुमी बोलला म्हनून शेड राहिलं."

सभेत ती माझ्या समोरच बसली होती. मी कशासाठी उठले होते, ते तिला कळलं नसेल असं नाही. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर आलं आणि मला घेववेना.

"तूच ऱ्हा," मी म्हणाले.

सोमवारी मी शेडवर गेले. तिनं मला चपला निवडायला बसवलं. पोटात दुखायचं काही थांबलं नाही.