कन्सेप्टाचा दोन दिवसांचा पाहुणचार

दुकानात, पोस्टात, चर्चच्या दारात, भेटेल तो मला विचारतो, "फिलोमिना, तू राहून आलीस म्हणे त्या नव्या स्पा हॉटेलात. कसं आहे?" मी सांगते, गाद्या मऊ आहेत, सूप कोमट आहे आणि माणसं खोटी आहेत. मग ते हसतात. हसू देत. त्यांना वाटतं, फिलोमिनाची जीभच तशी. आहेच तशी. पण या वेळी ती एक शब्दही वाढवून बोलत नाही, आणि ज्याला सगळं ऐकायचं असेल त्याने जरा बूड टेकून ऐकावं.

गोष्ट माझी नाही. माझी शेजारीण कन्सेप्टा डर्कन, तिची आहे. किनाऱ्यावर आमचं जुनं न्हाणीघर होतं. सात टब, त्यात समुद्राचं तापवलेलं पाणी आणि समुद्रातलंच शेवाळ. तिथे कन्सेप्टाने चौतीस वर्षं लोकांना आंघोळी घातल्या. दलदलीतून पीट, म्हणजे जळणाची काळी माती, कापून कंबर धरलेले शेतकरी यायचे, रविवारच्या सामन्यात गुडघे फोडून घेतलेली पोरं यायची, लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुली यायच्या. प्रत्येकाला ताजं शेवाळ. एकाचं दुसऱ्याला कधी म्हणजे कधी नाही. तपकिरी शेवाळावर ती उकळतं पाणी ओतायची आणि ते हिरवंगार होईपर्यंत शेजारी उभी राहायची. हिरवं झालं की त्यातून तेलासारखा बुळबुळीत चीक सुटतो. तो सुटल्याशिवाय ती कुणाला टबात पाय घालू द्यायची नाही, मग तो पाद्री का असेना. पाण्यात कोपर बुडवून बघायची. थर्मामीटर भिंतीला होता, तो शोभेला.

अख्ख्या गावाच्या पाठी तिने पाहिल्या. कुणाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते, कुणाच्या पोटावर कसली शिवण होती, सगळं तिला ठाऊक. माझ्यासारखीच्या पोटात ते एक दिवस राहिलं नसतं. तिच्या तोंडून चौतीस वर्षांत एक शब्द बाहेर आला नाही.

लग्न तिने केलं नाही. तिची धाकटी बहीण कामासाठी इंग्लंडला गेली ती तिकडचीच झाली, आणि जाताना चार वर्षांची मुलगी कन्सेप्टाच्या हातात देऊन गेली. ती ब्रोना. कन्सेप्टाने तिला वाढवलं, शाळेत घातलं, गॉलवे शहरात शिकायला पाठवलं. ब्रोना तिला मावशी म्हणते, पण गावात सगळ्यांना माहीत आहे की आई असती तरी तिने याहून जास्त काय केलं असतं.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीघर विकलं गेलं. त्याच्या डोक्यावर आणि आजूबाजूला हॉटेल उठलं, आणि न्हाणीघर खालच्या मजल्यावर नव्याने बांधायचं ठरलं. ब्रोनाला तिथे डब्लिनहून आलेल्या मॅनेजरच्या हाताखाली नोकरी लागली. "मावशी, न्हाणीघर तुझ्याशिवाय चालायचंच नाही," असं तिने माझ्यादेखत, माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं. कन्सेप्टाने ते धरून ठेवलं. मधल्या काळात वृद्धाश्रमाने तिला दोनदा बोलावलं, चांगलं काम होतं, पण तिने नाही सांगितलं. दोन हिवाळे घरात बसून काढले. बाई तोंडाने बोलत नव्हती, पण तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. परत त्या टबांपाशी उभं राहायचं होतं.

मार्चमध्ये ब्रोनाचा फोन आला. हॉटेल उघडायच्या आधी मावशीने दोन दिवस पाहुणी म्हणून राहावं आणि काय चांगलं, काय वाईट ते खरं खरं सांगावं, असं साहेबांना वाटतंय. सोबतीला मी. मग मला वेगळा फोन करून ब्रोना म्हणाली की मावशीसाठी काहीतरी खास ठेवलंय, तिला आधी कळू देऊ नकोस. मला काय वाटणार? मला वाटलं, काम देणार. मी आनंदाने केस सेट करून आले. मूर्ख ती मूर्खच.

शुक्रवारी दुपारी पोचलो. दारातच एका मुलीने आमचे बूट काढून घेतले आणि पांढरे झगे दिले. दिवसाढवळ्या झगा घालून परक्या माणसांसमोर हिंडायचं, त्याचे लोक पैसे देतात म्हणे. सगळे कुजबुजत बोलत होते, कुणी वरच्या खोलीत मरायला टेकलं असल्यासारखे. पाण्यात काकडी. जेवणात ताटभर पांढरी जागा आणि मधोमध बोटाएवढा मासा. मी बटाटे मागितले तर तीन आले, मोजून, सुपारीएवढे. कन्सेप्टाने मात्र खोलीत शिरल्याबरोबर बिछान्याची चादर पुन्हा ताणून घातली, टॉवेल आपल्या पद्धतीने घड्या करून ठेवले, आणि सकाळी निघताना टब स्वतः घासला. "अगं, ती पोरगी करेल ना," मी म्हटलं. म्हणाली, पोरीचा हात कोपऱ्यात पोचत नाही.

शनिवारी सकाळी आम्हाला न्हाणीघरात नेलं. दिव्यांनी, मेणबत्त्यांनी नटवलेलं, छतातल्या स्पीकरातून देवमाशाचं रडणं ऐकू येत होतं. टबात पाणी कोमट आणि वर जाळीच्या पिशवीत बांधलेलं मूठभर वाळकं शेवाळ. पिशवीत! चहासारखं! कन्सेप्टा टबात पाच मिनिटंही बसली नसेल. झगा गुंडाळून बाहेर आली, तिथल्या दोन मुलींना बाजूला घेतलं, आणि किटली मागवून त्यांना शेवाळ कसं हिरवं करायचं ते दाखवू लागली. मुली भल्या होत्या, लक्ष देऊन बघत होत्या. दोन वर्षांत मी तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. तिच्या बाह्या वर, तोंडावर वाफ, केस कपाळाला चिकटलेले. दारात ब्रोना येऊन उभी राहिली होती. ती हसत नव्हती. मी ते पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं.

दुपारी मोठ्या दालनात चहा होता. मॅनेजर टायरेल, तिशीतला, सभ्य मुलगा, सूट घातलेला. ब्रोना त्याच्या शेजारी. त्याने कन्सेप्टाला विचारलं, कसं वाटलं. तिने वाईट एक अक्षर सांगितलं नाही, फक्त म्हणाली की पाणी थोडं गरम हवं. मग ब्रोना पुढे झुकली आणि म्हणाली, "मावशी, न्हाणीघराची प्रमुख म्हणून तू येशील का?"

कन्सेप्टा लाजली. मान खाली घालून म्हणाली, "छे गं, मी कुठे आता. म्हातारी झाले."

हे काय होतं ते मला सांगायला नको आणि आमच्याकडच्या कुणालाच सांगायला नको. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट. दुसऱ्याला म्हणतो तो जरा उतावळा. आमच्याकडे साधा चहाचा कपही तिसऱ्या आग्रहाशिवाय कुणी हातात घेत नाही, आणि विचारणाराही ते धरूनच विचारत असतो. 'नाही' हा तर सुरुवातीचा शब्द.

ब्रोनाने दुसऱ्यांदा विचारलं, "नक्की नको ना, मावशी?"

"एखादी तरुण मुलगी बघा बाई," कन्सेप्टा म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी कप धरून बसले होते, तिसऱ्याची वाट बघत.

"बरं. तुझी इच्छा," ब्रोना म्हणाली, आणि टायरेलकडे वळून, "मी म्हटलं होतं ना तुम्हाला." त्याने मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं. ब्रोनाने केकचं ताट उचललं. घे ना मावशी. नको गं. अगं घे. नको, पोट भरलंय. असं कसं, माझ्यासाठी घे. आणि कन्सेप्टाने केक घेतला.

मी गप्प बसले. दुसऱ्याच्या वतीने हो म्हणायची आमच्यात पद्धत नाही. त्या पद्धतीला लागो आग.

संध्याकाळभर कन्सेप्टा निवांत होती. उद्या चर्चहून आलो की विचारतील, म्हणाली. अशा गोष्टीला रात्र जाऊ द्यावी लागते. हॉटेलच्या कागदावर तिने बारीक अक्षरात काय काय बदलायचं ते लिहून काढलं. पिशव्या बंद. रोज ओहोटीला ताजं शेवाळ. देवमासा बंद. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, जास्त तर होत नाही ना.

रविवारी आम्ही चर्चहून आलो तर दालनात सगळे नोकर रांगेत उभे. टाळ्या वाजायला लागल्या. टायरेलने पुढे येऊन कन्सेप्टाच्या हातात फुलं दिली आणि एक मोठा फोटो, चौकटीत घातलेला. जुन्या न्हाणीघरासमोर उभी असलेली ती. खाली सोनेरी अक्षरं: चौतीस वर्षांच्या सेवेबद्दल, सुखाच्या निवृत्तीसाठी. मग तो म्हणाला की नव्या प्रमुख ब्रोना डर्कन या आपल्या मावशींचा वारसा पुढे चालवतील. पुन्हा टाळ्या.

त्याच्या मागे भिंतीवर नवा फलक होता, आणि त्यावर प्रमुख म्हणून ब्रोनाचं नाव रंगवून वाळलेलं होतं. शनिवारी दुपारी विचारलं, आणि रविवारी सकाळी पाटी तयार? मी काही शिकलेली बाई नाही, पण एवढं मला कळतं.

कन्सेप्टाने फुलं माझ्या हातात दिली. "साहेब, जरा आत बोलायचंय," ती म्हणाली. आम्ही चौघं त्याच्या ऑफिसात गेलो. तिने दार लावून घेतलं, उभीच राहिली, आणि जे तिने साठ वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. सरळ मागितलं.

"मला ते काम हवंय," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून हवं होतं."

टायरेल गोंधळला. बिचारा खरंच गोंधळला, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला की ब्रोनाने तर जानेवारीतच सांगितलं होतं, मावशी आता थकल्यात, निवृत्त व्हायचं म्हणतात. म्हणून तर हा दोन दिवसांचा निरोपाचा पाहुणचार ठेवला. आणि काल सर्वांसमोर विचारलंही, खात्री करायला.

"दोनदा विचारलं," ब्रोना म्हणाली. "दोन्हीदा नाही म्हणालीस, मावशी. फिलोमिना साक्षीला होती. हो की नाही, फिल?"

माझ्याकडे तिघांनी बघितलं. काय सांगणार? खरं होतं. दोनदा विचारलं होतं, दोनदा नाही मिळालं होतं. मी म्हटलं, "हो. पण तिसऱ्यांदा विचारलं नाहीस."

टायरेलने विचारलं, तिसऱ्यांदा कशाला विचारायचं? मी त्याला सांगू लागले, आमच्याकडे कसं असतं, नाही म्हणजे काय असतं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं, किती वेडगळ वाटतंय ते. सूट घातलेल्या माणसाला ऑफिसात बसून हे समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो ऐकून ब्रोनाकडे वळला. "ही इथली रीत आहे का?"

ब्रोनाने मावशीकडे बघितलं नाही. "जुनी माणसं करत असतील," ती म्हणाली. "मला नाही माहीत."

एवढं म्हणाली ती, शांतपणे, पेनाचं टोपण लावत. केसाने गळा कापणं मी ऐकलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

"बरं," कन्सेप्टा म्हणाली, आणि फोटो टेबलावर उपडा ठेवून बाहेर आली. मी बॅगा आणल्या. ते केकचं मला कधी आठवलं? गाडीत बसल्यावर. काल त्याच बोटांनी केकचं ताट धरून तीनदा आग्रह केला होता ब्रोनाने, आणि म्हणे माहीत नाही. मी गाडीचं दार उघडलं, आत जाऊन त्या टायरेलच्या तोंडावर सांगायला. कन्सेप्टाने माझा हात धरला.

"बस खाली, फिल."

"खोटं बोलली ती. धडधडीत."

"मला माहीत आहे." ती समोरच्या काचेकडे बघत होती. मग म्हणाली, "पाच वर्षांची होती. हेगार्टींच्या घरी नेलं होतं तिला, आणि त्यांनी बिस्किटं पुढे केल्याबरोबर हिने उचललं. मी टेबलाखालून चिमटा काढला. असा जोरात काढला की रडली. घरी आल्यावर तिला समोर बसवलं आणि ताटलीत एकच बिस्किट ठेवून शिकवलं. मी विचारायचं, तिने नको म्हणायचं. मी विचारायचं, तिने नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. संध्याकाळभर घोटून घेतलं तिच्याकडून." "भूक लागली होती गं तिला तेव्हा. मला दिसत होतं. तरी मी तिला दोनदा नाही म्हणायला लावलं."

मी गाडी सुरू केली. घर येईपर्यंत ती रडत होती.