गुरुवारचा डाव

माझी सुट्टी रविवारी, त्याची गुरुवारी. लग्न ठरलं तेव्हा याचा विचार कुणी केला नाही. पत्रिका पाहिल्या, पगार विचारले, मुलाला व्यसन नाही ना याची चौकशी झाली. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, हे विचारायचं राहून गेलं.

मी पिंपरीतल्या एका ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. तो चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला होता. भोसरीपासून चाकणपर्यंत बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. विजेचा भार सगळीकडे सारखा पडावा म्हणून कधीकाळी भागाभागांना वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे इथे गुरुवारी मंडईत पुरुष दिसतात आणि लहान मुलं बापाच्या गाडीवर पुढे बसून फिरतात. मी त्या दिवशी वर्गात तह आणि सनदा शिकवत असायचे. रविवारी मी घरी, तो शिफ्टला. लग्नकार्यं आणि सुतकं यांसाठी रजा निघायच्या. नुसतं एकमेकांसोबत बसण्यासाठी रजा मागावी, असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

त्याचा गुरुवार पत्त्यांना जायचा.

पत्ते म्हटल्यावर माझ्या आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. "पत्ते खेळतो? आणि हे तू आत्ता सांगतेस?" तिला समजावताना मला घाम फुटला. हे ते पत्ते नव्हेत. ही चित्रांची कार्डं. बंद पाकिटात येतात, आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. माणूस ती जमवतो, अदलाबदल करतो, त्यातून स्वतःचा जोड बांधतो आणि समोरच्याच्या जोडाशी लढवतो. पैसे लागत नाहीत. "मग खेळायचं कशाला?" आईनं विचारलं होतं. मी विषय बदलला.

सुरुवातीला हा खेळ इथे रस्त्यावरच होता. पिंपरी कॅम्पातल्या एका खेळण्यांच्या दुकानात ती पाकिटं यायची आणि पोरं दुकानाच्या पायरीवर बसून डाव मांडायची. गिऱ्हाइकांना वाट मिळेना म्हणून दुकानदारानं वरच्या माळ्यावरचं गोदाम मोकळं करून दिलं. तिथे माझ्या नवऱ्यानं पहिल्या स्पर्धा घेतल्या. त्या बाद पद्धतीच्या होत्या: हरला तो घरी. चऱ्होलीहून एक जण दोन बस बदलून यायचा. शेतकऱ्याचा मुलगा, जमीन अर्धी गेलेली, चाकणला वेल्डिंगला लागलेला. तो पहिल्याच डावात हरला आणि बाकीचा दिवस खिडकीत बसून राहिला. संध्याकाळी निघताना म्हणाला, "दादा, सुट्टी एकच हाय. ती यवढ्यात सपली व्हय?"

हे ऐकून आल्यावर माझ्या नवऱ्याला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. मग त्यानं कुठून कुठून वाचून पद्धत बदलली. आता कुणीच बाद व्हायचं नाही. प्रत्येकानं सगळ्या फेऱ्या खेळायच्या. जिंकणाऱ्याची गाठ जिंकणाऱ्याशी, हरणाऱ्याची हरणाऱ्याशी. जगात ही पद्धत आधीपासून होती, हे त्याला नंतर कळलं. माणसं विषम झाली तर एकाला जोडीदार उरायचा नाही. नियमाप्रमाणे त्याला न खेळताच विजय द्यायचा असतो. हा तसं करायचा नाही. स्वतः त्याच्यासमोर बसायचा, आणि आपला निकाल कुठेही धरायचा नाही.

कॉलेज सुटल्यावर कधी कधी मी त्या माळ्यावर जायचे. पंखे गरम हवा फिरवत असायचे आणि टेबलांवर माणसं वाकलेली असायची. भोसरीला लेथचं छोटं वर्कशॉप चालवणारा एक मुसलमान कारागीर होता. बोटांच्या रेषांत ऑइल मुरलेलं, पण कार्डाला कधी डाग लागू दिला नाही. त्याच्या तोंडाला मात्र विश्रांती नसे.

"काय राव, किती विचार करतोस? इथं ओव्हरटाइम मिळत नाही."

"थांब रे भावा. घाई तुला, मरण मला."

"मरण तर तुझं मागच्याच गुरुवारी झालं. आज फक्त तेरावं आहे."

सगळे हसायचे. मला पाहिलं की तो अर्धवट उठायचा. "आओ भाभी, बसा. आज तुमच्या साहेबांना मी रडवणार." मी दारापाशी स्टुलावर बसून पेपर तपासायचे. हे आमचं एकत्र बसणं होतं. त्या वेळी मला ते पुरेसं वाटत नव्हतं. आजही ते पुरेसं होतं, असं मी म्हणणार नाही.

पुढे खेळाच्या मूळ कंपनीची अधिकृत स्पर्धांची योजना आली. नोंदणी झाली की प्रत्येक खेळाडूला क्रमांक मिळायचा, निकाल कळवले की गुण चढायचे, बक्षिसाची खास कार्डं टपालानं यायची. सगळं ठरत आलं होतं. अडलं ते वारावर. स्पर्धा शनिवारी किंवा रविवारीच घ्या, असं त्यांचं म्हणणं. यानं ईमेल लिहायला घेतली. इंग्रजी त्याचं कामापुरतं. तो लिहायचा आणि मी सुधारायचे. विजेचा भार, कारखाने, वारांची वाटणी, सगळं मी व्यवस्थित परिच्छेद पाडून लिहून दिलं. त्याचं एक वाक्य मी खोडलं होतं: आमचा रविवार गुरुवारी येतो. त्यानं ते गुपचूप परत घातलं. महिनाभरानं परवानगी आली, आणि उत्तरात कंपनीच्या माणसानं नेमकं तेवढंच वाक्य उचलून 'समजलं' असं कळवलं होतं. माझ्या परिच्छेदांबद्दल चकार शब्द नव्हता.

त्यानंतरची काही वर्षं भरभराटीची होती. आकुर्डी, निगडी, भोसरी, चाकण, सगळीकडून माणसं यायची. कॉलेजला दांडी मारून इंजिनीअरिंगची पोरंही यायची. त्यातलाच एक पोरगा चुणचुणीत होता, नियम तोंडपाठ, जरा भांडखोर. माझ्या नवऱ्याचा त्याच्यावर जीव. त्याला पंच व्हायला यानंच शिकवलं. पुढे तो आयटीत लागला आणि वाकडला उंच इमारतीत राहायला गेला.

मग टाळेबंदी आली. माळ्यावर पुन्हा खेळण्यांची खोकी चढली आणि ती उतरली नाहीत. खेळ फोनवर गेला. सगळं सुरू झालं तेव्हा अधिकृत स्पर्धांच्या अटी बदलल्या होत्या: वातानुकूलित जागा हवी, इतकी टेबलं हवीत, मोठा पडदा हवा. हे सगळं वाकडच्या मॉलमध्ये होतं, आणि ते रविवारी होतं. त्या चुणचुणीत मुलानंच ते उभं केलं. माझ्या नवऱ्यानं त्याचं कौतुक केलं. एकदा रजा काढून तो रविवारी तिथे पंच म्हणून गेलासुद्धा. त्या रजेचं त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं. सकाळी तो शिफ्टला निघाला नाही, तेव्हा आज घरीच आहे असं समजून मी दोघांसाठी पोहे भिजवले होते.

तो गेला बुधवारी. दुपारी छातीत दुखलं आणि संध्याकाळी सगळं संपलं. नातेवाईक पोचेपर्यंत अंत्यविधी दुसऱ्या दिवसावर गेला, म्हणजे गुरुवारवर. म्हणून सगळे येऊ शकले. स्मशानात मला ओळखीचे चेहरे दिसत होते आणि हे इतके जण कामाच्या दिवशी कसे, असा वेडा प्रश्न मला पडला होता. लेथवाला शेवटपर्यंत तिरडीचा पुढचा खांदा सोडत नव्हता. चऱ्होलीचा वेल्डर मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, दादांनी आमची रजासुदिक वाचवली." वाकडहून कुणी आलं नाही. त्यांना मीटिंगा होत्या. मेसेज आले, दिव्याच्या चित्रासह.

दोन महिन्यांनी वाकडच्या त्या मुलाचा फोन आला. आता त्याला मुलगा म्हणणं बरोबर नाही. तिशी उलटलेला माणूस. "वहिनी, दादांच्या नावानं दरवर्षी एक स्पर्धा घ्यायची ठरवतोय. स्मृतिचषक. तुमची परवानगी पाहिजे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. मी म्हटलं, "घ्या. माझं एकच मागणं आहे. गुरुवारी घ्या."

"गुरुवारी?" त्यानं विचारलं. "वहिनी, गुरुवारी कोण येणार?"

"तू यायचास."

तो हसला. "तेव्हा कॉलेज होतं. आता बघा, हॉल रविवारचाच मिळतो, स्पॉन्सरना गर्दी पाहिजे. शिवाय कंपनी आता रविवारचेच गुण धरते. यंदा रविवारी करू. पुढच्या वर्षी गुरुवारचं नक्की बघतो. शब्द देतो."

मी हो म्हटलं. शब्द दिला म्हटल्यावर माणसाला दुसरं काय म्हणता येतं.

लेथवाल्याला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाभी, इतवारला ऑर्डर असते. मशीन बंद ठेवलं तर पार्टी दुसरीकडे जाते. पण बघतो." वेल्डरनं बघतोही म्हटलं नाही. "रविवारी कंपनी सोडतीय व्हय? दादांच्या नावाचं हाय हे सुपरवायझरला काय सांगू?"

त्या रविवारी मी एकटीच रिक्षानं वाकडला गेले. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर थंडगार हॉल, स्वच्छ टेबलं, पाठीवर नावं छापलेले टी-शर्ट घातलेली मुलं. पडद्यावर त्याचा फोटो होता. कंपनीच्या गॅदरिंगमधला, हसरा. शेजारी माहिती: शहरातील संघटित खेळाचे एक आद्य प्रवर्तक. माळ्याचा उल्लेख नव्हता, गुरुवारचाही नव्हता. एक मिनिट शांतता पाळली. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला आणि दोन मुलं हसली. त्यांची चूक नाही. त्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं.

मी त्याचा कार्डांचा जोड बरोबर नेला होता. वाटलं, कुणीतरी एक डाव त्या जोडानं खेळावा. पंचाच्या टेबलावरच्या मुलीनं तो अदबीनं हातात घेतला, चार-पाच कार्डं उलटून पाहिली आणि म्हणाली, "काकू, ही जुन्या संचातली आहेत. अधिकृत स्पर्धेत आता चालत नाहीत." दर काही वर्षांनी जुनी कार्डं बाद होतात, नवी घ्यावी लागतात, हा नियम त्यानंच मला कधीतरी समजावला होता. तेव्हा तो म्हणाला होता, त्याशिवाय कंपनीचं चालणार कसं.

पहिल्याच फेरीत माणसं विषम झाली. एक मुलगा उरला. पडद्यावर त्याच्या नावापुढे न खेळताच विजय लागला आणि तो खूष होऊन खाली बर्गर खायला गेला.

बक्षीस माझ्या हस्ते दिलं. जिंकलेल्या मुलानं वाकून नमस्कार केला, फोटो काढला, आणि चषकावर कुणाचं नाव आहे ते त्यानं वाचलं की नाही ते मला कळलं नाही. लेथवाला शेवटची फेरी संपताना धापा टाकत पोचला, कामाच्याच कपड्यांत. दारावरच्या रखवालदारानं त्याला अडवून विचारलं, कुणाकडे जायचंय. तो मला म्हणाला, "काही नाही भाभी, तो बिचारा नोकरी करतोय." मग आम्ही दोघं खाली जाऊन मॉलबाहेरच्या टपरीवर चहा प्यायलो.

त्यानंतर वर्षभर मी वाट पाहिली. मला समजत होतं की मी एका वाराला धरून बसले आहे. पण ज्या गुरुवारांनी माझा संसार खाल्ला ते निदान त्याच्या नावावर तरी राहावेत, एवढीच माझी इच्छा होती. जो रविवार मला त्याच्याकडून कधी मिळाला नाही, तो त्याच्या मागे अनोळखी मुलांना वाटला जात होता, वर त्याचं नाव लावून.

गेल्या महिन्यात वाकडचा तो माणूस घरी आला. पेढे घेऊन आला होता, कारण या वर्षी मोठा स्पॉन्सर मिळाला होता. त्यानं फोनवर पोस्टर दाखवलं. वर स्पॉन्सरचं नाव, खाली माझ्या नवऱ्याचं, त्याखाली तारीख. मी तारखेचा वार पाहिला.

"रविवार आहे," मी म्हटलं.

"हो ना वहिनी. मी खूप प्रयत्न केला. वरून परवानगीच नाही."

"कुणाला विचारलंस?"

त्यानं पेढ्यांचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की मला त्याची दया आली. माझ्या नवऱ्यानं महिनाभर ईमेल लिहिल्या होत्या. यानं एकही लिहिली नव्हती.

"मग त्याचं नाव काढून टाक," मी म्हटलं.

तो चमकला. "असं कसं वहिनी? दादांमुळेच तर आम्ही सगळे..."

"काढून टाक. रविवारी तो कधीच मोकळा नव्हता."

मला वाटलं, आता तो वाद घालेल. कॉलेजात असताना नियमावरून घालायचा तसा. रागवेल, निदान म्हणेल की दोन दिवस द्या, विचार करतो. मी त्याच्यासाठी केलेला चहा अजून गॅसवर होता. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, एक लांब श्वास सोडला, आणि मला दिसलं की त्याचे खांदे सैल झाले आहेत.

"तुमच्या भावनांचा मान राखायलाच हवा," तो म्हणाला. "स्पॉन्सरचंही तसं थोडं म्हणणं होतंच, की दोन नावं जरा गर्दी करतात."

मग त्यानं तिथेच, माझ्यासमोर, पोस्टर करणाऱ्याला फोन लावला.

"हां, ऐक ना. मधली ओळ काढ फक्त. हो, तेवढीच. बाकी सगळं आहे तसंच ठेव."